चोर कोण, ते मास्तरांनी सांगितलं नाही

मास्तर, तुमचं तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी तुमची सातवीची पोरं ओसरीवर येऊन बसली. मला वाटलं, बिचारी भेटायला आली. पाणी दिलं, फुटाणे दिले. खाऊन झालं, तोंडं पुसून झाली, तरी कोणी उठायचं नाव घेईना. शेवटी पाटलाची यमुना पुढं सरकली आणि हळूच म्हणाली, "काकू, मास्तरांनी चोर कोण ते सांगितलंच नाई. तुमाले तं सांगितलं असंन?"

मला रडू आलं आणि हसूही आलं. सारं गाव म्हणून राह्यलं, मास्तर गेले, बाई उघडी पडली. आणि या पोट्ट्यांना काळजी कशाची, तर चोर कोण! तुम्ही असते तर मांडीवर थाप मारली असती. "पाह्यलं गोदे? याले म्हणतात गोष्ट."

तुमच्या गोष्टी छापणाऱ्या मासिकवाल्यांचाही निरोप आला आहे, की मास्तरांवर चार शब्द लिहा. जन्म कुठं झाला, शिक्षण किती, नोकरी कुठं कुठं केली. ते मी काही लिहिणार नाही, ते शाळेत लिहिलेलं आहे. मला तुमच्याशी बोलायचं आहे. खरं सांगू? भांडायचं राहिलं आहे. लग्न झाल्यापासून तुम्हाला नुसतं 'अवो' म्हटलं, आज गावासारखं मास्तर म्हणते. आता कोण रागावणार आहे! तुम्ही नेहमी सांगायचे, लिहायचं तर पुस्तकातल्यासारखं लिही. लिहिते. पण भांडण काही पुस्तकातल्यासारखं होत नाही, तेव्हा मधेच आपलं घरचं बोलणं आलं तर लाल शाई काढून बसू नका.

तुमच्या त्या गुप्तपोलिसी गोष्टी! तेरा-चौदा वर्षांच्या पोरांसाठी लिहायचे, म्हणून पोरांच्याच वयाचा चंदर हेर केला. गाव आपल्या वाशिमजवळच्या मालेगावासारखंच. कुणाचा बैल बदलला जायचा, कुणाची कापसानं भरलेली बैलबंडी वाटेतच गायब व्हायची. खून मात्र तुम्ही कधी केला नाही. म्हणायचे, पोरांच्या गोष्टीत माणूस मरू नये, फार तर बैल हरवावा. प्रत्येक गोष्ट आधी मला वाचून दाखवायचे. मी चुलीपुढं, तुम्ही उंबऱ्यावर. आणि मी भाकर थापता थापता चोर ओळखायची. त्यात काय अवघड होतं? ज्याचं तोंड पाहून पहिल्या पानावर पोरं दचकली, तो शेवटच्या पानावर देवमाणूस निघायचा. आणि पहिल्या पानावर जो गोड हसून पोरांच्या हातावर गूळ ठेवायचा, तो चोर.

"गूळवाला," मी म्हणायची.

"आता आदी आयकून तं घे!"

"गूळवालाच हाये."

"भाकर पाह्य तुयी, जळून राह्यली."

काहून असं लिहायचे ते तुम्हाला माहीत होतं, मलाही माहीत होतं, आणि आपण दोघं तेवढं सोडून सगळं बोलायचो. लहानपणी देवी आल्या आणि तुमचं सगळं तोंड खणून गेल्या. एका डोळ्यात फूल पडलं, वरचा ओठ एका बाजूनं ओढला गेला. दरवर्षी बिगरीतली नवी पोरं तुम्हाला पाहून भोकाड पसरायची. म्हणून पहिल्या दिवशी तुम्ही पोरं यायच्या आधीच फळ्याकडं तोंड करून उभे राहायचे. पाठमोरे. सावकाश एकेक अक्षर काढायचे आणि काढता काढता गोष्ट सांगायचे. रानातून बैल कसा गेला, खुरांचे ठसे नदीपर्यंत आले आणि तिथून पुढं नाहीसेच कसे झाले. इथं येऊन गप्प बसायचे. मग मागून एखादं बारीकसं पोरगं विचारायचं, "मंग काय झालं मास्तर?" तेव्हा तुम्ही वळायचे. तोवर पोरांना तुमच्या तोंडापेक्षा त्या बैलाची काळजी जास्त झालेली असायची.

शाळेत तुम्ही निदान वळायचे तरी. घरात नाही. उंबऱ्यावर बसले तरी तोंड अंगणाकडं, जेवायला बसले तरी ताटात डोळे. मी तुमच्या कानाशीच संसार केला म्हणा ना! आणि हे सगळं कशापायी, तर एका ज्वारीच्या दाण्यापायी.

आपलं लग्न माझ्या माहेरी, शेलूबाजारला. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट खाली आला, वाजंत्री वाजली, आणि लोकांनी अक्षता अशा हाणल्या की जशी कणसावरची पाखरं हाकलून राह्यले. आपल्याकडं अक्षता ज्वारीच्या. एक दाणा नेमका माझ्या डोळ्यात. "अवं माय वं!" म्हणून मी ओरडले, दोन्ही डोळे गच्च मिटले, हात तोंडावर नेला. डोळा उघडताच येईना. उघडला तेव्हा तुम्ही मान खाली घालून उभे होते. ती मान माझ्यापुढं तुम्ही नंतर कधी पुरती वर केलीच नाही.

तुम्हाला वाटलं, पोरगी तोंड पाहून भ्याली.

बाप्पा, किती वेळा सांगितलं मी! नवी नवरी असताना लाजत लाजत सांगितलं, लेक झाल्यावर सांगितलं, लेकीला मानोऱ्याला दिली तेव्हा तिच्या मांडवात सांगितलं. तुमचं एकच. "व्हय व्हय, ज्वारीच असंन." त्या 'व्हय व्हय'चा मला असा राग यायचा, की वाटायचं, पोळपाट फेकावा. एकदा मी चिडून म्हटलं, "हातच्या काकणाले आरसा कायले? मी सोता सांगून राह्यली ना!" तर तुम्ही अंगणाकडं पाहत शांतपणे म्हणाले, "गोदे, माया गोष्टीत कोनी असं सांगितलं तं चंदर काय म्हनंन? इतकं सोयीचं कारन सांगनाऱ्या मानसावर पह्यले नजर ठेवा."

"तुमचा चंदर गेला खड्ड्यात," मी म्हटलं. आजही तेच म्हणते.

तुम्हाला तो रायरंद आठवतो? आपल्याकडं बहुरूप्याला रायरंद म्हणतात, ते मासिक वाचणाऱ्या लांबच्या पोरांना माहीत नसेल. गावात येऊन चार-सहा दिवस रोज नवं सोंग आणायचं, लोकांना फसवायचं, हसवायचं, आणि शेवटच्या दिवशी साध्या कपड्यात येऊन घरोघर बिदागी मागायची, अशी त्याची रीत. त्या साली तो एक दिवस वैद्य झाला, एक दिवस गोसावी, आणि मग जमादार होऊन आला. अशी मिशी, असा रुबाब, खुद्द पाटलालाच म्हणाला, "चला ठान्यावर!" गाव पोट धरून हसलं.

आणि दुसऱ्याच दिवशी वाशिमहून खरा जमादार आला. शेलूच्या बाजारात कुणाचे चांदीचे वाळे गेले होते, त्याचा तपास करत. वेशीतून आत आला तो पोरांची वरात मागं घेऊनच. त्यानं दरडावलं की लोक हसायचे. जास्त दरडावलं की जास्त हसायचे. सखूबुढीनं सुपात ज्वारी आणली, त्याच्यापुढं धरली आणि म्हणाली, "काल याहून बरं सोंग केलं व्हतं रे बाबू. मिशी तरी नीट लावाची." आणि मिशी नीट करायला गेली! मिशी हातात आली नाही तेव्हा बुढी जराशी मागं सरली.

तेवढ्यात गलका ऐकून तुम्ही शाळेबाहेर आले. जमादाराला चोराची खूण एवढीच सांगितलेली, तोंडावर देवीचे वण. त्यानं तुम्हाला पाहिलं आणि शिपायाला म्हणाला, "धरा याले!" तुमच्याच उपरण्यानं तुमचे हात बांधले. पोरांनी टाळ्या पिटल्या. त्यांना वाटलं, मास्तरांनीच रायरंदाला सांगून आजचा खेळ ठरवला. आणि तुम्ही ओरडले नाही, हिसका दिला नाही. पोरांनी भिऊ नये म्हणून हसत राहिले. तुमचं हसू अनोळख्याला कसं दिसतं ते मला ठाऊक आहे. जमादाराला वाटलं, चोर चांगलाच निर्ढावलेला आहे.

मी विहिरीवरून येत होते. घागर रस्त्यातच ठेवली. पदर सरकला तोही सावरला नाही.

"जमादारसायेब," म्हटलं, "वण पाहून मानसं धरून राह्यले काय? मंग पह्यले सोताले धरा. तुमच्या गालावर काय मोगरा फुलला?"

त्याच्याही तोंडावर देवीचे वण होते, मास्तर. तुमच्याइतके नाही, पण होते. त्या सालात अर्ध्या मुलखाच्या तोंडावर होते. त्याचा हात गालाकडं गेला तशी मी आणखी बोलले, आता सुरू झालेली मी कशाची थांबते! म्हटलं, "मी रोज पाह्यतो हे तोंड. जसं आत तसं बाहेर. यात काईच लपवलेलं नाई."

तेव्हाच गर्दीत एक किडकिडीत माणूस घुसला, साधं धोतर, डोक्याला फडकं. कोणी ओळखला नाही. तो हात जोडून जमादारापुढं आला आणि कालच्याच भरदार आवाजात म्हणाला, "हुजूर, रायरंद मी हाव. कालचा जमादार मी व्हतो." बिदागीचा दिवस होता त्याचा. क्षणभर गावानं दोघांकडं पाहिलं, आणि मग सगळ्यांना एकदम आपापल्या शेतातली कामं आठवली. पाटलानं हमी दिली, तुमचे हात सुटले. सखूबुढी मात्र ज्वारीचं सूप घेऊन तिथंच उभी होती, कुणाला द्यावं ते तिला कळेना.

घरी येताना मला वाटलं, आज तरी तुम्ही माझ्याकडं पाहाल. तुम्ही घागर उचलून घेतली आणि पुढं चालता चालता म्हणाले, "मस्त बोलली. पुराव्याबिगर, पन मस्त."

एवढंच. आणि पुढच्या गोष्टीत काय केलं? चोराला बांधून नेताना त्याची बायको आडवी येते, चार लोकांत त्याची बाजू घेते, सारं गाव हळहळतं. आणि शेवटी कळतं, चोरीत तीच सामील! मी परात तशीच ठेवून उठले. दोन दिवस तुमचं ताट वाढलं, पण तोंड उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही आले, म्हणे, "अवं, वाचनाऱ्याले धक्का बसाले पायजे."

"बसला," मी म्हटलं. "मले बसला."

आणि मग आपलं खरं भांडण झालं. तुम्ही तुमचं आवडतं वाक्य काढलं, दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं. मी म्हटलं, "अन् दिसतं तसंच असलं तं? तवा नाई फसत काय जग?" त्याचं उत्तर मी तेव्हापासून मागते आहे.

आणि माझं काही चूक नव्हतं. आपली कासारीण नूरबी, आठवते ना? वाशिमच्या बाजारातून काकणं आणायची आणि दारोदार भरायची. तिचं तोंड म्हणजे निरं हसू. काकणं भरताना लेकीसुना रडल्या तर त्यांच्या हातावर बत्तासा ठेवायची. एक दिवस माझ्या ओट्यावर येऊन बसली आणि डोळ्याला पदर लावला. "गोदाबाई, मैने क्या करी? बच्चे मेरे हाथ का लेतेच नै." मी पोरांना विचारलं, तर यमुनेची मोठी बहीण, तेव्हा ती सातवीत होती, ती म्हणाली, "काकू, जे गोड हासते अन् खाऊ देते तेच चोर असते. मास्तरांच्या साऱ्या गोष्टीत हाये." झालं! तुम्ही पोरांच्या मनातून भेसूर तोंडाचं भेव काढलं, लाख मोलाचं काम केलं. या गावात तुमच्यानंतर कुठलंही पोर कोड आलेल्याला किंवा लंगड्याला हसलं नाही. पण ते भेव तुम्ही नूरबीच्या बत्ताशावर नेऊन ठेवलं.

मी सांगितलं तेव्हा तुमचा चेहरा पडला. तसेच उठून बाहेर गेले, शाळा सुटायच्या वेळी नूरबीजवळ बसले आणि पोरांच्या देखत तिच्या हातचा बत्तासा खाल्ला. संध्याकाळी म्हणाले, "एक गोष्ट लिहीन. तिच्यात गोड तोंडाचं मानूस शेवटीबी गोडच निंघन."

"कवा?"

"जमली का. लय अवघड हाये गोदे. त्याची गोष्टच होत नाई."

मग वर्षं गेली. नूरबीही गेली. ती गोष्ट काही जमली नाही. आणि तुमच्या चांगल्या डोळ्यातही मोतीबिंदू उतरला. शाळा सुटली, लिहिणं सुटलं, ओसरीवरची खाट तेवढी राहिली. एका दुपारी मी तुमच्या डोळ्यांवर दुधाच्या घड्या ठेवत होते. तुम्ही म्हणाले, "गोदे, इकडं ये. आता मले कायबी दिसत नाई, तं पाहू दे एकदा." आणि तुम्ही तोंड माझ्याकडं केलं. पुरतं. उन्हात. एवढ्या संसारात पहिल्यांदा.

मी डोळे मिटून बसले. तुमचा हात कपाळावरून आला, कुंकू फिसकटलं, नाकावरून उतरला, आणि डाव्या पापणीवर थांबला.

"हे काय वं?"

"काय?"

"पापनीवर आडवी रेघ हाये. जुनी. काई कापल्यावानी."

मला माहीत नव्हतं! मिटल्या पापणीवरची खूण ज्याची त्याला कशी दिसेल? आरशात पाहायचं तर डोळा उघडावा लागतो. ती दुसऱ्यानंच पाहायची असते, आणि माझ्या दुसऱ्यानं कधी वर पाहिलंच नव्हतं. मग एकदम आठवलं. मुंडावळ्या सोडताना आई म्हणाली होती, पोरीच्या डोळ्याले काकन लागलं वाटते. दाण्यापायी डोळा चोळताना नवं काकण फुटलं होतं, तेच लागलं.

मी एवढंच म्हटलं, "ज्वारी."

तुमचं बोट कितीतरी वेळ तिथंच होतं. मग हसायला लागले. हसता हसता ठसका लागला, त्या फूल पडलेल्या डोळ्यातूनही पाणी आलं. "काखेत कळसा अन् गावाले वळसा! पुरावा घरात व्हता, अन् मी गावभर चोर हुडकत राह्यलो!"

"बसला आता इश्वास?"

"आता इश्वास कायले लागते? पुरावा हाये ना."

मला खरंच आनंद झाला होता, मास्तर. पण हे ऐकलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. मी घडी दुधाच्या वाटीत टाकली आणि म्हटलं, "अन् काकन लागलं नसतं तं? तं मी खोटीच राह्यली असती ना?"

तुमचं हसू थांबलं. माझा हात शोधून धरला. म्हणाले, "याचं उत्तर गोष्टीत देतो."

दुसऱ्या दिवसापासून पोरं खाटेभोवती जमली. देवळातली घंटा चोरीला गेली होती. तोंड भाजलेला एक लोहार होता, तो चोर नाही हे पोरांनी पहिल्या दिवशीच ठरवलं. आणि एक कासारीण होती. हसतमुख. पोरांच्या हातावर बत्तासे ठेवणारी. सगळी ओरडली, "कासारीन! कासारीन!" मी दारामागं गहू निवडत ऐकत होते, माझा जीव त्या बाईत अडकला होता. पोरं तुमच्या तोंडाकडं टक लावून पाहत होती आणि तुम्ही कुठंही वळत नव्हते. रोज थोडी थोडी गोष्ट पुढं सरकली. मग ताप आला. तापातही मी विचारलं, तुम्ही पुटपुटले, "सांगतो. पोट्टे येऊ दे." पोट्टे आले तोवर तुम्ही गेले होते.

तुम्हाला अंगणात ठेवलं तेव्हा कुणीतरी चांगल्या मनानं तोंडावर कपडा ओढला. म्हणे, लेकरं भितीन. मी म्हटलं, "झाकू नका." भावकीतली माणसं कुरकुरली. मी ऐकलं नाही. एकदा तुमच्या-माझ्यात कपडा धरला होता, तो खाली आला आणि मी डोळे मिटून घेतले होते. या खेपेला मी दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहिलं. चांगलं दिसत होतं तुमचं तोंड. मला ते नेहमीच चांगलं दिसलं, हे मी ज्वारीच्या नादात तुम्हाला सांगितलंच नाही. ज्वारीचंच सांगत बसले. पोरं एकामागं एक आली, बिगरीतली बारकी पोरंसुद्धा. एकही दचकलं नाही. मागं एक म्हातारा उभा होता, साधं धोतर, डोक्याला फडकं. या खेपेला मी त्याला लगेच ओळखलं.

तर आता ही पोरं ओसरीवर बसली आहेत आणि यमुना माझ्याकडं पाहून राह्यली. मी खोटं सांगू शकले असते. 'लोहार' म्हटलं असतं, 'पुजारी' म्हटलं असतं, पोरं उठून खेळायला गेली असती. पण तुमच्या गोष्टीत मी उगाच कुणाला चोर करणार नाही.

मी म्हटलं, "यमुने, चोर कोन ते मले मालूम नाई. मास्तर सांगून गेले नाईत. पन कासारीन नाई."

पोरांनी एकमेकांकडं पाहिलं. तुमचीच पोरं ती. यमुनेनं कपाळाला आठी घातली, अगदी चंदरसारखी, आणि विचारलं, "कायच्यावरून काकू?"

"तिच्या तोंडावरून," मी म्हटलं.